पाववाल्याच्या व्हॅनचा गिअरबॉक्स

साइमी हार्यू पाचवी आली.

"पाचवी, साइमी हार्यू," खांबावरच्या भोंग्यातून निवेदक रायमो म्हणाला. "ज्यांना घड्याळं लावायची असतील त्यांनी लावून घ्या."

खडीच्या खाणीच्या काठावर उभी असलेली माणसं हसली. लेप्पासुओ गावाच्या मानाने हसली, म्हणजे दोघा-तिघांनी नाकातून जोरात हवा सोडली. साइमीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि गिअरच्या दांड्यावरून उजवा हात सोडवला. सोडवलाच म्हणायचं, कारण शेवटच्या चकरांमध्ये तो हात तिथून हललाच नव्हता. हात काढला की तिसरा गिअर सुटायचा. एका हाताने गिअर धरायचा, एका हाताने स्टिअरिंग, आणि तरीही सहांपैकी पाचवी यायचं, सहावी नाही, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हतं. भोंग्यावर हे कुणी सांगितलं नाही.

तिचा नवरा ओइवा थर्मास घेऊन आला. तीस वर्षं त्याने लोकांच्या दारात टपाल टाकलं होतं, त्यामुळे काहीतरी हातात घेऊन, न बोलता येऊन उभं राहणं त्याला छान जमायचं.

"सुटतोय?"

"सुटतोय."

"तिसरा?"

"तिसरा."

ओइवाने कॉफी ओतली. हार्यूंच्या घरात याला सविस्तर चर्चा म्हणतात.

या शर्यतींचा सगळा जीव एका नियमात आहे. गाडी जुनी, छोटी, भंगारवाल्याच्या दारातून परत आणलेली. आतल्या सीटा-बिटा काढून टाकलेल्या, पोटात लोखंडी पाइपांचा पिंजरा. ती खाणीत गोल गोल पळवायची, आणि शर्यत संपली की शर्यतीचं लायसन्स असलेल्या कुणालाही कुणाचीही गाडी मागता येते. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, आधीपासून ठरलेली. आपलं नाव आणि गाडीचा नंबर लिहून चिठ्ठी पेटीत टाकायची. एकाच गाडीवर जास्त चिठ्ठ्या पडल्या तर त्यातली एक उचलायची. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हणालाच, तर लायसन्स जातं, आणि गावात जी पत जाते ती भरून येत नाही. त्यामुळे इथे कुणी गाडीत फार पैसा घालत नाही. जीव तर मुळीच घालत नाही.

साइमीने घातला होता.

इतरांच्या गाड्या कुठून कुठून आणलेल्या असत. साइमीची घरातली होती. लग्नानंतर दोघांनी ती कोरी करकरीत घेतली तेव्हा तिचा रंग चॉकलेटी होता. दोन्ही मुली दवाखान्यातून तिच्याच मागच्या सीटवर घरी आल्या, बटाट्याची पोती तिच्यातूनच आली, ओइवाच्या आईला शेवटचं तलावाकाठी फिरवून आणलं ते तिच्यातूनच. मग गंजाने तळ खाल्ला, तपासणीत तिला रस्त्यावर फिरायची बंदी झाली, आणि ओइवा म्हणाला, "आता द्यायची कालेर्वोला." कालेर्वो म्हणजे भंगारवाला. आठवड्याभराने ओइवा गोठ्याजवळच्या शेडमध्ये गेला, तर बायको वेल्डिंगचा मुखवटा लावून गाडीत पाइप बसवत होती. एव्हाना चॉकलेटी रंग उडून गाडी सुरकुतली होती आणि तिला सगळे 'मनुका' म्हणत होते.

शर्यतीत उतरल्यावर साइमीच्या लक्षात आलं की चिठ्ठ्या पडतात त्या पहिल्या चार गाड्यांवर. पाचव्या गाडीकडे कुणी बघत नाही. सहावी म्हणजे शेवटची, तिची लोक चौकशी करतात, बिचारीचं काय झालं म्हणून. पाचवीची चौकशीही करत नाहीत. साइमी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. वाढताना कुणाला किती दिलं की पातेलं शेवटच्या मुलापर्यंत पुरतं, हे तिच्या हाताला कळायचं. तसंच हेही कळायला लागलं. अंतिम फेरीत यायचं, आणि तिथे पाचवं यायचं. दहा-अकरा वर्षं ती हे करत आली होती, आणि हे कुणाला माहीत नाही अशी तिची समजूत होती.

---

घरी आणून गिअरबॉक्स खाली उतरवला. ओइवाने तळाचा बोल्ट काढून तेल टबमध्ये सोडलं आणि बोल्ट उजेडात धरला. त्या बोल्टाला लोहचुंबक असतो. गिअर झिजले की कीस त्याला येऊन चिकटतो.

"पीठ आहे का कणी?" साइमीने विचारलं.

"भरडा."

पीठ असतं तर चाललं असतं. कणी असती तर विचार केला असता. भरडा म्हटल्यावर उघडूनही बघायचं कारण उरलं नाही. दुसरा शोधायला हवा होता, आणि हंगामाची शेवटची शर्यत तेवढी बाकी होती.

कालेर्वोच्या शेडमध्ये गिअरबॉक्स फळ्यांवर ओळीने मांडलेले असतात, दुकानात चीजचे गोळे असावेत तसे. कालेर्वो त्यांच्याबद्दल बोलतोही तसाच, थोडा वास घेऊन.

"साइमी! ये. कुठलाही उचल. पाचवं यायला काय लागतं, पुढे जाणारा असला म्हणजे झालं."

साइमीने कापडी पिशवीतून जुनी क्लच प्लेट काढली.

"हे काय, दागिने मोडायला आणलेस?"

"माप आहे."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुझ्या शब्दावर मागच्या वर्षी एक रेडिएटर घेतला होता."

"तो चांगला होता."

"दुसऱ्या गाडीला."

कालेर्वोने हे मान्य असल्यासारखी मान हलवली आणि पहिला गिअरबॉक्स फळीवरून ओढला. "हा बघ. मनुकेच्या सख्ख्या बहिणीचा. तेच मॉडेल, तेच वर्ष. तळ्याकाठच्या मास्तरीणबाई चालवायच्या. चर्च आणि घर, घर आणि चर्च. चौथा गिअर त्यांना फक्त ऐकून माहीत होता."

साइमीने क्लच प्लेट त्याच्या शाफ्टवर सरकवली. बांगडी चढावी तशी गेली, अडली नाही, डुगडुगली नाही. बोल्ट काढला, चुंबकावर पीठ, बारीक, कोरडं. तोंडावरची भोकं तीच, क्लचची वायर जिथे अडकते तो कान त्याच बाजूला, एक्सल जातात ती तोंडंही तीच. काही कापायला नको, काही जोडायला नको. शनिवारी बसवा, रविवारी चालवा.

"ठेव बाजूला," साइमी म्हणाली.

"बाजूला? अगं, तुझं काम झालं. कॉफी पिऊ."

"तो कुठला?"

"तो डिझेलचा. दणकट. बैल आहे."

दिसायला तो थोरल्या भावासारखा होता. साइमीने सुतळीने भोकाभोकांमधलं अंतर घेतलं आणि मास्तरीणबाईंच्या गिअरबॉक्सवर धरलं. वरची दोन जुळली, खालची जुळली नाहीत.

"दोन भोकं पाडायची," कालेर्वो म्हणाला.

"आणि शाफ्ट इंजिनच्या मधोमध येईल कशावरून?"

"येईल की साधारण."

"साधारण आला तर क्लच खाईल. आणि याचे गिअर लांब. हायवेला ठीक. खाणीत वळणातून बाहेर पडेपर्यंत लोक घरी गेलेले असतील."

"तुला घाई कधीपासून?" कालेर्वो म्हणाला आणि हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. रायमोच्याही नव्हतं. दहा वर्षं लोक एकच विनोद करत आले आणि साइमीने दर वेळी ऐकून घेतला. मंगळवारी दुपारी, कालेर्वोच्या शेडमध्ये, गिअरबॉक्सच्या वासात, तो विनोद तिला पहिल्यांदाच लागला. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तसं दाखवण्यासारखं तिच्या चेहऱ्यावर कधी काही नसेच.

"तो खालचा?" तिने विचारलं.

"तो नाही उपयोगाचा. व्हॅनचा आहे. कंपनी तीच, सांगाडा तोच, पण पाववाल्याची व्हॅन. पाव भरून गावोगाव हिंडायची. दारोदार थांबायचं, परत निघायचं."

"ओढ बाहेर."

"पाठ माझी जाईल, साइमी."

ओइवा पुढे झाला आणि दोघांनी मिळून तो ओढला. साइमीने प्लेट चढवली. गेली. सुतळी लावली. सगळी भोकं जुळली. बोल्ट काढला. पीठ, आणि तेही थोडंसंच. मग तिने खिशातून खडू काढून शाफ्टवर आणि एक्सलच्या तोंडावर रेघ मारली.

"कालेर्वो, ती पलीकडची बाजू घट्ट धर. फिरू द्यायची नाही."

कालेर्वोने धरली. साइमीने पहिला गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवायला सुरुवात केली. इकडे हात फिरत राहिला, फिरत राहिला, तेव्हा कुठे तिकडची खडूची रेघ आपल्या जागी आली. मास्तरीणबाईंच्या गिअरबॉक्सला तिने तसंच केलं. त्याची रेघ बरीच आधी आली.

तिघांनाही कळलं होतं. पावाच्या ओझ्यासकट उभ्या गाडीला उचलून पुढे फेकायला बनवलेले गिअर होते ते. रिकाम्या, पत्र्याच्या, सुरकुतलेल्या मनुकेत बसवले तर वळणातून ती बाटलीच्या बुचासारखी उडेल.

"याचे एक्सल जाड आहेत," कालेर्वो म्हणाला. "तुझे आत जायचे नाहीत."

"व्हॅनचे आतले सांधे काढून दे. बाहेरचे माझे लावीन."

"क्लचचा कान उलट्या बाजूला आहे. वायर पुरायची नाही."

"व्हॅनची वायर दे."

"गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते फाउंडेशनही वेगळं."

"तेही दे."

"म्हणजे अख्खी व्हॅनच न्यायची म्हण ना. साइमी, बाजूला तयार गिअरबॉक्स आहे, मास्तरीणबाईंचा, न शिवता बसेल असा. नियमात दोन्ही बसतात. हा कशाला?"

"याच्यात पीठ कमी आहे."

कालेर्वोने ओइवाकडे पाहिलं. ओइवाने फळीकडे पाहिलं.

"जिंकायचंय का तुला?"

"मला गिअरबॉक्स पाहिजे," साइमी म्हणाली.

परतीच्या वाटेवर गावाची पाटी आल्यावर ओइवा म्हणाला, "हा बसवलास तर ती जाईल."

"कुठे?"

"कुणाच्या तरी घरी."

साइमी बाहेरच्या कापलेल्या शेतांकडे बघत होती. "याच्यानेही पाचवं येता येतं, म्हाताऱ्या. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, ब्रेकला जरा टेकवायचा, झालं."

"येतं?"

"येतं."

ओइवाने मागे वळून पाहिलं. गिअरबॉक्स पोत्यावर शांत बसला होता.

---

ऑक्टोबरचा पहिला रविवार. धुकं खाणीच्या तळाशी पातळ दुधासारखं साचलेलं, सॉसेजच्या टपरीसमोर रांग.

पहिल्याच प्राथमिक फेरीत साइमीला कळलं की पाय उचलण्याचा हिशोब चुकला होता. जिथे ती वर्षानुवर्षं दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळायची, तिथे मनुका तिसरा मागत होती. वळण संपायच्या आत ओरडायला लागायची: दे, दे, पुढचा दे. आणि हात धरून बसायला नको. गिअर पडला की पडला. साइमी सरळ रस्त्यावर पाय उचलत राहिली, तरी दुसरी आली.

"दुसरी," भोंगा म्हणाला आणि जरा थांबला. "साइमी हार्यू. कागदावर असंच लिहिलंय."

दोन फेऱ्यांच्या मध्ये यार्मो आला. यार्मो कोस्केला, तिशी ओलांडलेला, लेप्पासुओतला सगळ्यात वेगवान माणूस. लहानपणी दर गुरुवारी साइमीच्या वाटाण्याच्या सुपासाठी दोनदा रांगेत उभा राहायचा. शाळेत तिला मावशी म्हणायची सवय लागली ती सुटली नव्हती.

"मावशी, आवाज वेगळाय."

"सर्दी झालीय तिला."

"गिअर बदललास?"

"बदलतच असते. गाडीच आहे ना."

यार्मोने खाली वाकून बघितलं, उठला, गुडघे झटकले. "जपून हं," म्हणाला. कशाला जपून ते बोलला नाही.

अंतिम फेरीत सहा गाड्या. सुरुवातीला साइमीने ठरल्याप्रमाणे सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि पाचवी जागा धरली. तिची जागा. तिथून समोरच्या चार गाड्यांचे पाठमोरे पत्रे तिला ओळखीच्या लोकांच्या पाठींसारखे दिसायचे. दुसऱ्या चकरेत समोरची गाडी वळणावर थोडी पसरली आणि साइमी काही न करता चौथी झाली. तिने पाय उचलून ब्रेकला टेकवला. सवयीने. मनुका कुरकुरली. मागची गाडी शेजारी येऊ लागली, तिला वाट करून द्यायची तेवढी बाकी होती.

साइमीच्या कानात "घड्याळं लावून घ्या" आलं नाही, मुली आल्या नाहीत, सासू आली नाही. तिला फक्त इतकं वाटलं की ही गाडी पुढे जायला बघतेय आणि आपण तिला दहा वर्षं मागे धरून ठेवलंय, आणि तेही तिच्यावरच्या प्रेमापोटी.

तिने ॲक्सिलरेटर खाली दाबला.

पुढचं लेप्पासुओत अजून सांगतात. दर वेळी एखादी गाडी वाढवून सांगतात, पण गाड्या सहाच होत्या. वळणात ती इतरांसारखीच जायची. वळणातून बाहेर मात्र तिला कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी सुटायची. तिसऱ्याला तिने मोठ्या वळणावर मागे टाकलं, दुसऱ्याला सॉसेजच्या टपरीसमोर, आणि शेवटच्या चकरेत यार्मोला. यार्मोने वाट दिली नाही. तिने ती घेतली.

भोंग्यात रायमोने खोकून घसा साफ केला. "पहिली," तो म्हणाला, आणि त्याला पुढचा विनोद सुचला नाही.

---

चिठ्ठ्यांची पेटी म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा डबा. तो मार्केत्ताच्या कॅरॅव्हॅनच्या खिडकीत ठेवलेला असतो. मार्केत्ता या शर्यतींची सगळी व्यवस्था बघते आणि सगळ्यांशी सारखंच तुसडं वागते. शर्यत संपल्यापासून अर्धा तास पेटी उघडी असते.

साइमी मनुकेशेजारी उभी राहिली. ओइवाने कॉफी दिली. तिने धरली, प्याली नाही. गाडीचं छप्पर कोमट होतं. तिने त्यावर हात ठेवला होता, आणि कुणी बघितलं तर टेकून उभी आहे असं वाटावं अशा बेताने ठेवला होता.

"कुणाकडे जावी असं वाटतं?" ओइवाने विचारलं.

"धुणारा असावा."

भोंगा खरखरला. या वेळी मार्केत्ताचा आवाज. "दहा मिनिटं राहिली. पहिल्या गाडीवर चिठ्ठी नाही. एकही नाही. बाकीच्यांवर आहेत. कळावं म्हणून सांगतेय."

साइमीने कप छपरावर ठेवला. एकही नाही म्हणजे मनुका घरी येणार. पहिला नंबर आणि मनुका, दोन्ही. इतक्या वर्षांत एवढं मागायची तिची हिंमत झाली नव्हती. ती गाडीत जाऊन बसली. पट्टा लावला नाही, नुसती बसली. आनंद कुठून सुरू होतो याची वाट बघत थोडा वेळ बसली, मग उतरली आणि सरळ कॅरॅव्हॅनकडे चालायला लागली.

खिडकीजवळ यार्मो होता, कालेर्वो होता आणि तूलिक्की होती. तूलिक्की चौथी आलेली, शेजारच्या गावची.

"यार्मो."

"मावशी. अभिनंदन."

"तू दर शर्यतीत पहिल्या गाडीवर चिठ्ठी टाकतोस. स्वतः पहिला आलास तर दुसऱ्यावर टाकतोस. आज?"

यार्मोने बुटाने खडी सारखी केली. "रंग. बायको म्हणते तपकिरी नको."

"तुझी गाडी ताडपत्रीखाली असते."

"कडेने दिसतो थोडा."

"तूलिक्की?"

"माझे पाय पुरत नाहीत तिच्यात."

"तू माझ्याहून वीतभर उंच आहेस."

"मग आखडतात," तूलिक्की म्हणाली. "काहीतरी होतं पायांचं."

"कालेर्वो?"

"मी? माझ्याकडे चारशे गाड्या आहेत."

साइमी तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. शाळेत ताटात अन्न टाकणाऱ्या मुलाकडे ती असंच बघायची, आणि मूल खायला लागायचं.

शेवटी यार्मो बोलला. "मावशी, ती गाडी तुझ्यासाठी काय आहे ते माहितीय सगळ्यांना."

"काय माहितीय?"

"तू पाचवी कशी येतेस ते. सरळ रस्त्यावर तुझा ब्रेकचा दिवा लागतो. सरळ रस्त्यावर कोण ब्रेक दाबतं? मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा बाबांनीच दाखवलं होतं. म्हणाले, बघ, आता लागेल. लागला."

मागचा दिवा. त्याचा बल्ब दर वसंतात ती स्वतः बदलायची, नियम होता म्हणून.

"सगळ्यांना माहितीय?"

"रायमोला सोडून," तूलिक्की म्हणाली. "तो बसतो तिथून गाड्यांची तोंडंच दिसतात."

"आणि तुम्ही मिळून ठरवलंत, चिठ्ठी टाकायची नाही."

"ठरवलं नाही काही," यार्मो घाईने म्हणाला. "कुणी कुणाशी बोललंच नाही. मला वाटलं, मी नाही टाकली तरी दुसरा कुणी टाकेल. त्यालाही तसंच वाटलं असणार."

"मला तर काहीच वाटलं नाही," कालेर्वो म्हणाला.

कॅरॅव्हॅनच्या खिडकीतून मार्केत्ताने घड्याळाकडे बघितलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं बघितलं.

साइमीचे कान लाल झाले होते. थंडीही होती म्हणा. "यार्मो, मी तुला शाळेत कधी उरलेलं वाढलं?"

"नाही."

"तूलिक्की, तुझ्या पोरांना?"

"नाही, साइमी."

"मग मला का वाढताय? मी यार्मोला मागे टाकलं. गिअरबॉक्स निवडला, एक्सल जोडले, वायर ओवली, आणि याला मागे टाकलं. जिंकलेल्या गाडीवर एकही चिठ्ठी नाही म्हणजे काय, ती गाडी कुणाला नको. नाहीतर चालवणारी बिचारी. मी बिचारी आहे का?"

"नाही," यार्मो म्हणाला.

"गाडी वाईट आहे?"

यार्मोच्या तोंडून ते निघूनच गेलं. "मावशी, ती वळणातून कशी सुटते गं! काय घातलंयस तरी काय त्यात?"

"घेतलीस की कळेल. लिहा."

"पण तुला—"

"लिहा. सात मिनिटं आहेत."

"पाच," मार्केत्ता म्हणाली.

यार्मोने खिशात पेन शोधलं, सापडलं नाही. साइमीने तिचं दिलं. त्याने कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर कागद टेकून लिहिलं. तूलिक्कीने लिहिलं. ते बघून टपरीच्या रांगेतले दोघे आले, मग आणखी कोण कोण आले, आणि खिडकीसमोर एक नीट, शांत, माणसामाणसात हातभर अंतर ठेवलेली रांग लागली. कालेर्वोचं लायसन्स कधीच संपलेलं होतं, तरी तो सवयीने रांगेत उभा राहिला आणि मार्केत्ताने त्याला हाकललं.

आइस्क्रीमचा डबा गच्च भरला. साइमीने तो भरताना पाहिला. एकेक चिठ्ठी पडत होती तशी ती थोडी थोडी ताठ होत गेली, आणि त्याच वेळी मनुका थोडी थोडी तिच्या हातून जात होती. दोन्ही एकदम होत होतं. तिने हात कोटाच्या खिशात घातले.

मार्केत्ताने झाकण लावून डबा हलवला आणि डोळे मिटायची गरज नसताना मिटून एक चिठ्ठी काढली.

"यार्मो कोस्केला."

यार्मो गोरामोरा झाला. "मी मागे घेऊ शकतो का?"

"नाही," मार्केत्ता आणि साइमी एकदमच म्हणाल्या.

कागदांवर सह्या झाल्या. साइमीने किल्ली काढून दिली. मनुकेला किल्ली लागायची नाही, बटणावर सुरू व्हायची, पण किल्ली होती आणि ती द्यायची असते.

"पहिल्यात फार ताणू नकोस," ती म्हणाली. "लगेच दुसरा. वळणाआधी तिसरा टाकून ठेव, नाहीतर ओरडते. थंडीत क्लचची वायर कडक होते, दोन-तीनदा दाबून मग निघ. मागचा डावा दरवाजा वेल्ड केलाय, ओढत बसू नकोस."

"हो मावशी."

"आणि धू."

"हो."

"उद्या नाही. आज."

"आज धुतो."

ओइवा त्यांचा रिकामा ट्रेलर मागे घेत होता. साइमी टपरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्यांनी तिला पुढे जायला वाट दिली. ती गेली नाही. पाठीमागे मनुका सुरू झाली. साइमी मागे वळली नाही. इंजिनचा आवाज चढायला लागला, पहिल्यातच, चढतच गेला. यार्मो ताणत होता. हजारदा सांगितलं तरी पहिल्या दिवशी ताणणारच.

"दुसरा," साइमी म्हणाली, मोठ्यानेच.

क्षणभराने यार्मोने दुसरा टाकला.

रांगेतले सगळे भट्टीवरच्या सॉसेजकडे बघत राहिले. साइमीचा नंबर आला तेव्हा टपरीवाल्याने नेहमीसारखं एक उचललं.

"दोन दे," ती म्हणाली. "आणि मोहरीचा सॉस जास्त."